मध्यातलं घर, कडेचं घर

एप्रिल लागला की आमच्या गल्लीत बॅगांची वजनं सुरू होतात. परदेशात लेकरं असलेले आई-बाप सुट्टीआधी निघायच्या तयारीला लागतात. माळ्यावरच्या बॅगा खाली येतात, त्यांच्यावरची वर्षभराची धूळ झटकली जाते. शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला, ज्वारीचं पीठ, लोणच्याच्या दोनदा चिकटपट्टी मारलेल्या बरण्या, सगळं आत जातं आणि मग कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात पोत्याच्या काट्यावर बॅग चढते. दुकानदार चष्मा वर करून आकडा वाचतो. दोन किलो जास्त. बॅग तिथंच दुकानाच्या पायरीवर उघडते, आणि काय काढायचं यावर नवरा-बायकोचं भांडण रंगतं.

मी खिडकीतनं बघत असते. माझी बॅग आता पलंगाखाली आहे, तिच्यात गोधड्या भरल्यात. पण काट्यावर बॅग चढली की हातातलं काम तसंच राहतं. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात माझीही बॅग याच काट्यावर चढली होती. तिच्यातनं पापडाचं पाकीट मी काढलं होतं आणि हे, म्हणजे माझे यजमान दिगंबरराव, म्हणाले होते, "राहू दे की. मी खातो इथं." मला तेव्हा माया वाटली होती. बायको तीन महिने जाणार, माणूस पापडावर दिवस काढणार.

मी शाळेत भूगोल शिकवला. मुलींच्या शाळेत, नांदेडातच, अठ्ठावीस वर्षं. नववीला नागरी वस्तीचा धडा असायचा. फळ्यावर एकात एक वर्तुळं काढायची. मधलं वर्तुळ बाजारपेठ, त्याच्याभोवती दाट वस्ती, आणि शेवटचं पसरट वर्तुळ म्हणजे उपनगर. "बाई, आपण कोणत्या वर्तुळात?" असं दरवर्षी कुणीतरी विचारायचंच. मी खडूनं अगदी मध्यात टिंब द्यायची. आमचं घर जुन्या नांदेडात इतवाऱ्याजवळ होतं. दोन खोल्या खाली, दोन वर, मधे शिडीसारखा चढ जिना. समोर नसीम आपांचं बांगड्यांचं दुकान. सकाळी अजान, मग गुरुद्वाऱ्याकडं निघालेल्या यात्रेकरूंचे रिक्षे, मग अर्धापूरच्या केळीचा गाडा. दारात उभं राहून मी भाजी घ्यायची, पोस्टात पायी जायची, डॉक्टरकडं पायी जायची. मीठ संपलं तर फोडणी गॅसवर ठेवून खाली उतरायची आणि मोहरी तडतडायच्या आत परत यायची. म्हातारपणाबद्दल मला भीती नव्हती, ती या घरामुळं. पाय चालतील तेवढं जग मला पुरेसं होतं, आणि ते सगळं त्या गल्लीच्या आत होतं.

अभिजित, माझा मुलगा, अमेरिकेत. मुलगी मीनल जर्मनीत. दोघं बरीच वर्षं बोलावत होती. त्या साली अभिजितनं हट्टच धरला. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "माझे गुडघे विमानात दुमडत न्हाईत. तू जाऊन ये. इकडचं मी बघतो."

इकडचं मी बघतो. हे वाक्य मी पुढं किती वेळा आठवलं, ते मलाच माहीत.

अभिजितचं घर टेक्सासातल्या एका मोठ्या शहरापासून बरंच बाहेर होतं. सुंदर वस्ती. एकासारखी एक घरं, प्रत्येकापुढं गवताचा चौकोन, आणि रस्ते असे वळणदार की कुठूनही निघालं तरी आपण पुन्हा तिथंच. पहिल्या दिवशी मी खुर्ची ओढून खिडकीत बसले. संध्याकाळपर्यंत मला चालताना दिसलेली माणसं तीन, त्यातली दोन कुत्र्यासाठी चाललेली. संध्याकाळी गाड्या यायच्या, गॅरेजचं दार आपोआप वर जायचं, गाडी आत, दार खाली. माणूस घरात पोचायचा आणि तरी तो कुणाला दिसायचा नाही.

आठव्या दिवशी मी पिशवी घेऊन निघाले. कोथिंबीर हवी होती, एवढंच. दुकान गाडीनं सात मिनिटं, म्हणजे चालत होईलच असा माझा हिशेब. काही अंतरावर फूटपाथ संपला. पुढं गवत, आणि शेजारनं सुसाट गाड्या. मी पदर खोचला आणि गवतातनं चालत राहिले. मागनं एक गाडी हळू झाली. एका गोऱ्या बाईनं काच खाली करून विचारलं, तुम्ही ठीक आहात ना, वाट चुकलात का? तिच्या चेहऱ्यावर खरी काळजी होती. तिनं मला गाडीत घेऊन घरी सोडलं. कोथिंबीर राहिली ती राहिलीच.

"आई, इथं कुणी चालत नाही गं," अभिजित म्हणाला. चिडला नव्हता, पण शरमला होता.

एका रविवारी मी त्याला म्हटलं, मला तुमच्या शहराचा मध्य दाखव. तो हसला, पण घेऊन गेला. काचेच्या उंच इमारती, रुंद रस्ते, सिग्नल बदलतायत आणि ओलांडायला कुणी नाही. एका बँकेच्या पायऱ्यांवर दोन माणसं गोधडी ओढून झोपली होती. नांदेडात रविवारी मध्यात पाय ठेवायला जागा नसते. इथं शहरानं मध्य ऑफिसांना देऊन टाकला होता आणि स्वतः बाहेर जाऊन राहिलं होतं. माझी वर्तुळं तीच होती, पण माणसं सगळी शेवटच्या वर्तुळात सांडलेली.

परतताना गाडीत अभिजितनं विचारलं, "पण आई, आमच्या इथं शांत वाटतं की नाही? हवा चांगली, गोंगाट नाही. तुला आवडेल ना असं?"

पोरानं कष्टानं घेतलेलं घर. आई काय म्हणणार? मी म्हटलं, "छान आहे रे. फार शांत आहे."

त्यानं ते पुन्हा विचारलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा. दर वेळी मी तेच म्हटलं, आणि दर वेळी त्याचा चेहरा जरा सैल झाला. मला वाटलं, लेकराला आईकडनं कौतुक हवंय.

रोज सकाळी ह्यांचा व्हिडिओ कॉल यायचा. मागं आमचा निळा पडदा, पडद्याशेजारी किराणा दुकानाचं कॅलेंडर. काय जेवलात, पाणी येतं का, नळ कधी आला, असं बोलणं. एकदा मी म्हटलं, "अहो, आज गल्ली एवढी गप्प कशी?"

"उन्हाळा हाय. सगळे गावाला गेलेत," हे म्हणाले.

नसीम आपा मात्र फोन उचलत नव्हत्या. तीस वर्षांची शेजारीण. माझ्या बाळंतपणात रात्र-रात्र बसलेली, माझ्याकडनं पुरणपोळी शिकून ती माझ्याहून मऊ करणारी. मी फोन केला की वाजून वाजून थांबायचा. मेसेज गेला की वाचल्याच्या निळ्या खुणा यायच्या, उत्तर यायचं नाही. मला राग आला. पुढं राग जाऊन नुसतं दुखत राहिलं. चार दिवस डोळ्याआड झालं की माणूस असंच होतं, असं मी मनाशी म्हटलं. त्या सगळ्या उन्हाळ्यात मी फक्त एकाच माणसाला दगाबाज समजत होते, आणि ती नसीम आपा होती.

अमेरिकेहून जर्मनीला जाताना आठ दिवस लंडनला थांबले. माझी जुनी विद्यार्थिनी प्रज्ञा तिथं नर्स आहे. तिचे वडील नांदेडला सरकारी नोकरीत होते. आंबेडकर जयंतीला त्यांच्या घरची खीर दरवर्षी स्टाफरूममध्ये यायची. प्रज्ञाचं घरही उपनगरातच, पण ते उपनगर वेगळं होतं. विटांची, एकमेकांना खांदा लावून उभी असलेली घरं, मागं रुमालाएवढी बाग, आणि कोपऱ्यावर दुकान. तिथं मला कोथिंबीर मिळाली. सकाळी सगळा रस्ता स्टेशनच्या दिशेनं चालायचा आणि संध्याकाळी तिकडनं परत यायचा.

"मॅडम, तुम्ही शिकवलेलं उपनगर हे नव्हे," प्रज्ञा म्हणाली. "ही जुनी गावं हायेत. शहर वाढत आलं, यांना गिळलं, पण यांचं दुकान, यांचं चर्च तसंच राहिलं."

मला हे फार आवडलं. मी म्हटलं, "म्हणजे कडेला राहूनही माणसाला स्वतःचा एक मध्य असू शकतो."

प्रज्ञानं माझ्याकडं बघितलं. काहीतरी म्हणणार होती. मग उठून चहा टाकायला गेली.

मीनलचं घर मात्र पार मध्यात. जर्मनीतलं जुनं शहर, दगडी चौक, चौकात ट्रामचा थांबा, आणि चौकावरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तिच्या तीन खोल्या. खाली बेकरी. पहाटेपासून पावाचा वास जिन्यानं वर चढायचा. तासातासाला घंटा. पहिल्या दिवशी मी खिडकी उघडली आणि खालचा गोंगाट आत आला, तेव्हा मला रडू आलं. दोन महिने कानात कापूस असल्यासारखी होते मी.

दुसऱ्या मजल्यावर एक एकटी बाई राहायची, ऐंशीच्या पुढची. चाकाची पिशवी घेऊन रोज बाजारात जायची, एक-एक पायरी चढत वर यायची. मधे थांबून श्वास घ्यायची, पण पिशवीला कुणाला हात लावू द्यायची नाही. भाषा येत नसताना आमची ओळख झाली. मी तिला गूळ-शेंगदाण्याचा लाडू दिला, तिनं मला चेरीचा मुरंबा. संध्याकाळी ती चौकातल्या बाकावर बसायची, मी शेजारी बसायची. दोघी मिळून माणसं बघायचो.

एकदा वर येऊन मी मीनलला म्हटलं, "म्हातारपण असं असावं बघ. मध्यात. जिना चढावा लागला तरी चालेल, पण खाली उतरल्यावर माणूस भेटलं पाहिजे. मी आणि तुझे बाबा आपल्या घरात असेच म्हातारे होणार."

मीनल काकडी चिरत होती. तिची सुरी थांबली. "आई, इथं सगळ्यांना हे परवडत नाही. लेकरं झाली की लोक बाहेर जातात. आम्हीसुद्धा बाहेरच घर बघून राहिलोत."

"तुझं ठीक आहे. मी माझं म्हणते."

"प्रत्येक ठिकाणची गोष्ट वेगळी असते, आई," ती म्हणाली, आणि मान खाली घालून पुन्हा काकडी चिरू लागली. पोरीला आपलं घर सोडायचं दुःख आहे, असं मी समजले. तिच्या पाठीवरनं हात फिरवला.

जुलैत हैदराबादला उतरले. ह्यांनी गाडी पाठवली होती. ड्रायव्हर उदगीरकडचा, व्यंकट नावाचा, बोलका. पाऊस कमीच होता, पण रस्त्याकडेची रानं हिरवी व्हायला लागली होती. संगारेड्डी मागं पडलं. तिथनं नांदेडचा रस्ता उजवीकडं फुटतो, जोगीपेठ, देगलूर करत. सरळ गेलं की जहिराबाद, मग बिदर, उदगीर, लातूर. गाडी सरळ गेली.

मी म्हटलं, "अहो, वळण चुकलं. नांदेडचा रस्ता उजवीकडं राहिला."

"नांदेड कशाला मॅडम? लातूरचं सांगितलंय की."

"कुणी सांगितलं?"

"सायबांनीच. हे बघा, लोकेशन टाकलंय." त्यानं मोबाइल माझ्यापुढं धरला.

मी ह्यांना फोन लावला. लातूरला मोठे दवाखाने आहेत. मला वाटलं, ह्यांना काहीतरी झालंय आणि माझ्यापासून लपवून ठेवलंय. "तुम्ही कुठं आहात? तब्येत कशी आहे?"

"ठणठणीत हाय मी. घाबरू नको. ये तू, मग बोलू," हे म्हणाले. आवाजात हसू होतं. "तुला आवडंल."

पुढचे चार-पाच तास मी त्या गाडीत बसले. भूगोलाची बाई मी. खिडकीबाहेर बिदरची लाल माती आली, पाट्यांवर कानडी आली, गेली, उदगीर आलं. प्रत्येक गावागणिक नांदेड किती दूर गेलं, ते मला नेमकं कळत होतं.

लातूर शहरात शिरण्याआधीच गाडी एका कच्च्या रस्त्याला वळली. प्लॉट पाडलेलं माळरान. मधेमधे नवी घरं, मधेमधे नुसते खांब. कमानीवर कसल्यातरी बागेचं नाव, आणि कमानीपाशी पाण्याचा टँकर उभा. टँकरच्या पुढं तिसरं घर. फाटकात हे उभे, नवा शर्ट घालून. मागं दारावर आंब्याच्या पानांचं तोरण.

मी गाडीतनं उतरले. उघड्या दारातनं आतली भिंत दिसत होती. भिंतीवर आमचा निळा पडदा, आणि त्याच्याशेजारी किराणा दुकानाचं कॅलेंडर.

त्या पडद्यामागं खिडकी नव्हती. कोरी भिंत होती. मे महिन्यापासून मी रोज सकाळी नांदेडच्या घराशी बोलतेय असं समजून या भिंतीशी बोलत होते.

"ये की आत," हे म्हणाले. "जिना न्हाई, काही न्हाई. सगळं खालीच. बघ, मागं जागा किती हाय. सीताफळ लावलंय, शेवगा लावलाय."

"नांदेडचं घर?"

"दिलं. चांगलं गिऱ्हाईक आलतं. तुझ्या गुडघ्यांचं काय, त्या जिन्याचं काय. अभिजित म्हणला, आईला तिकडं शांत लई आवडलं. मग म्हणलं, बरं झालं, आता तिला त्रास न्हाई होणार."

मी फाटकातच सिमेंटच्या कठड्यावर बसले. व्यंकटनं बॅगा उतरवल्या, माझ्याकडं बघितलं, आणि पाण्याची बाटली माझ्या शेजारी ठेवून गेला. मी किती वेळ बसले होते कुणास ठाऊक. ऊन सरकलं, टँकर गेला, समोरच्या घरातली बाई दोनदा बाहेर येऊन आत गेली. हे आधी समजावत होते, शेवटी आतनं खुर्ची आणून माझ्याजवळ बसले.

"विचारलं का नाही मला?" मी म्हटलं.

"विचारलं असतं तर तू न्हाई म्हणली असतीस."

"मग तेच उत्तर होतं की."

ह्यांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "तेहतीस वर्षं ऐकलं मी ते उत्तर, शैला. तुला आठवत बी न्हाई, मी कितीदा विचारलं."

हे लातूरकडच्या मुरुडजवळच्या खेड्यात वाढलेले. बांधावरची झाडं, मोकळं अंगण. इतवाऱ्याच्या गल्लीत ह्यांना कधी नीट झोप लागली नव्हती, हे मला माहीत होतं. कानात बोळे घालून झोपायचे. सुट्टीच्या दिवशी गच्चीवर डब्यांत मिरच्या लावत बसायचे. "कुठंतरी बाहेर जागा घेऊ," असं म्हणायचे, आणि मी म्हणायची, "बाहेर काय आहे? साप आणि टँकर." घरात हशा व्हायचा. हेही हसायचे. ते हसणं किती वर्षं खोटं होतं, ते मी कधी विचारलं नाही. हा माझा दोष, आणि मी तो नाकारत नाही. पण न ऐकणं वेगळं आणि पडदा टांगून खोटं बोलणं वेगळं. ही दोन एका मापानं मोजायला मी आजही तयार नाही.

आत सगळं जसंच्या तसं लावलेलं होतं. स्वयंपाकघरात माझे डबे त्याच क्रमानं, हळदीनंतर धणे, धण्यानंतर जिरे. एवढं लक्ष देऊन फसवणाऱ्या माणसावर ओरडायचं तरी कसं? फक्त माझे नकाशे नव्हते. शाळेनं मोडीत काढलेले, मी निवृत्तीच्या दिवशी रिक्षात घालून घरी आणलेले कापडी नकाशे. सहा होते.

"जुने झालते ते," हे म्हणाले. "राज्यंसुद्धा बदललीत त्यांच्यातली. रद्दीत दिले."

त्या रात्री दोन्ही लेकरांचे फोन आले. अभिजित म्हणाला, "आई, तूच म्हणालीस ना शांत आवडतं. तीनदा विचारलं मी." मीनल आधी रडलीच. म्हणाली, "मी सांगणार होते, पण दादा म्हणाला, ती परत जाऊन भांडेल, व्यवहार मोडेल." दोन दिवसांनी प्रज्ञाचा फोन आला. तिला तिच्या वडिलांकडनं कळलं होतं, मी तिच्या घरी असतानाच. "मला वाटलं तुम्हाला माहीत हाय मॅडम. तुम्ही विषय काढत न्हाईत म्हणजे दुखत असंल, म्हणून मी बी न्हाई काढला."

म्हणजे तीन देशांतल्या तीन घरांत मी जेवले, झोपले, आणि तिन्ही घरांत माझ्याबद्दल मला नसलेली माहिती होती. मी मात्र सगळीकडं शहरांची तुलना करत फिरले. इथला मध्य असा, तिथली कड तशी. बाई नकाशा बघत होत्या, आणि पायाखालची जमीन दुसऱ्याच्या नावावर झाली होती.

आठवड्यानं मी एसटीनं नांदेडला गेले. ह्यांना फक्त एवढंच सांगितलं की जातेय. गल्लीत शिरले. आमच्या घराची समोरची भिंत पाडली होती. आतला जिना उघडा पडला होता, आकाशात चढत जाऊन मधेच संपलेला. त्याच्या कडेच्या भिंतीवर अजून आमची चुन्याची रेघ होती, लेकरांची उंची मोजलेली.

नसीम आपा दुकानात बसल्या होत्या. मला बघून उठल्या, आणि गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "कल आना." मला आत घेऊन गेल्या. पाणी दिलं. मी विचारलं, "आपा, फोन का नाही उचलला?"

"उठाती तो क्या बोलती भाभी?" त्या माझ्याशेजारी बसल्या. "भाईसाब कसम डाले, भाभी कू बोलना नक्को, उनकू खुशी का झटका देना है. मैं बोली, ये खुशी नई है. वो सुने नई. कसम तोडने का गुनाह, और तुमसे बात करती तो झूट बोलने का गुनाह. मैं फोन उलटा रख देती थी. हर बार बजता, हर बार मैं उठ के दुसरे कमरे में जाती."

मी त्यांचा हात धरला. सगळ्या उन्हाळ्यात माझ्याशी खोटं न बोललेली ती एकच बाई, आणि मी तिच्याच नावानं मनात खडे फोडले होते. हे मी त्यांना सांगितलंसुद्धा. त्या म्हणाल्या, "हौ, मालूम है. मैं भी वोइच करती."

त्यानंतर लातूरला मी सात महिने राहिले. प्रयत्न केला नाही असं नाही. ती वस्ती वाईट नव्हती. शहराच्या आत गेलं की क्लासेस, होस्टेलं, पुस्तकं छातीशी धरून चाललेल्या पोरी, मोठं जिवंत गाव. पण तिथवर जायला गाडी हवी, आणि गाडी हे चालवायचे. मीठ संपलं की मला ह्यांना सांगावं लागायचं. हे नेहमी लगेच उठायचे, कधी कुरकुर केली नाही, आणि तेच मला सोसत नव्हतं. हे सुखात होते. भांडी घासलेलं पाणी बादलीत साठवून सीताफळाला घालायचे. झाडाला नवं पान आलं की मला हाक मारायचे. मी जायची, बघायची, "चांगलं आहे" म्हणायची. एके दिवशी ते शब्द माझ्याच कानाला ऐकू आले. टेक्सासात म्हटलेल्या "छान आहे रे"सारखेच ते होते. भिडेपोटी काढलेल्या माझ्या शब्दाचा पुन्हा होकार होऊन राहिला होता.

दुसऱ्या दिवशी मी बॅग भरली. वजन करायची गरज नव्हती.

आता इतवाऱ्याच्या मागच्या गल्लीत, केळीच्या एका व्यापाऱ्याच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांत मी राहते. जागा नसीम आपांनीच बघून दिली. जिना आहेच, आणि गुडघे खरंच दुखतात. त्या बाबतीत ह्यांचं खरं होतं. पावसाळ्यात गटार तुंबतं, लग्नसराईत कान फाटतात. मध्यात राहणं म्हणजे स्वर्ग, असं आता मी कुणाला सांगत नाही. कुणी बागेत फुलतं, कुणी बाजारात. पण ज्याचं त्यानं आपल्या पायानं तिथं जायचं असतं.

लेकरं फोन करतात. मी बोलते. मागं काय दिसतंय, याकडं आता माझं लक्ष असतं. अभिजितचं बोलणं संपलं तरी मी त्याच्या मागची भिंत बघत राहते. ही सवय जाणार नाही बहुतेक.

परवा दुपारी दारावर टकटक झाली. हे उभे होते. लातूरहून एसटीनं आले होते. हातात पिशवी, पिशवीत शेवग्याच्या शेंगा. जिना चढून धाप लागली होती. याआधी दोनदा आले होते, पण तेव्हा मीनल बरोबर होती आणि बोलणं तीच करत होती. आज एकटेच. माझं दार पूर्ण उघडं होतं, मधे फक्त उंबरा. आयुष्यभर हा माणूस घरात शिरताना चप्पल भिरकावून सरळ माठाकडं गेला. आज तो उंबऱ्याच्या अलीकडं थांबला.

"येऊ का आत?" हे म्हणाले.

खाली बँडवाला निघाला होता, म्हणून मला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नसेल. बँड पुढं गेला. ह्यांनी पिशवी एका हातातनं दुसऱ्या हातात घेतली आणि पुन्हा विचारलं, "शैला, आत येऊ का?"

मी त्यांना थोडं उभं राहू दिलं. त्यात मला सूड वाटला नाही, आनंदही नाही. मला फक्त तो प्रश्न अंमळ ऐकायचा होता. नाही म्हणता आलं असतं. हो म्हणता आलं असतं.

"या," मी म्हटलं. "पाचला परतीची गाडी आहे. तोवर बसा."